बारा दिवसांची सेवा

माझी मावसबहीण कॅनडात एडमंटनला राहते. तिच्या चर्चमधली तरुण मुलं दर उन्हाळ्यात दोन आठवडे एका क्री वस्तीवर सेवेला जातात. क्री म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक मोठा समाज. मुलं तिथे लहानग्यांची शिबिरं घेतात, घरांना रंग देतात, बायबलच्या गोष्टी सांगतात, गाणी शिकवतात. या वर्षी यादीत माझ्या भाचीचं नाव आहे. ती सतरा वर्षांची आहे. ताईचा फोन आला तो एका जुन्या संदर्भानं. "तू इंजिनिअरिंगला असताना धडगावला गेला होतास ना रे? पाठवू का नको, एवढंच सांग."

मी म्हटलं, दोन दिवस दे.

आम्ही करमाळ्याचे. मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. गावात आमची चार-पाच घरं, त्यामुळे उपासनेला पाळक बाहेरून यायचे आणि नाताळचा तारा बघायला आख्खी आळी जमायची. मी लहानाचा मोठा कमलाभवानीच्या जत्रेत आणि रविवारच्या शाळेत असा दोन्हीकडे झालो. घरात आज्जी सगळ्यांना 'सलाम' म्हणायची, दारावर आलेला माणूस 'रामराम' म्हणायचा, कुणालाच त्यात काही वाटत नसे. 'बाटगे' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो पाचवीत, क्रिकेटच्या भांडणात. घरी विचारलं तर आज्जी म्हणाली, "बरोबरच हाय की. तुझा खापरपणजा बाटला म्हणून तू हायेस." पुन्हा कणीक मळायला लागली.

२०१८ च्या मे महिन्यात, तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर, पुण्यातल्या एका तरुण संघाबरोबर मी सातपुड्यात गेलो. आम्ही अकरा जण. शहाद्यापर्यंत एसटी, पुढे घाटातून जीप. धडगाव तालुक्यातला एक पाडा, नाव देत नाही. तिथे आठ-दहा कुटुंबं विश्वासी होती, त्यांची पत्र्याची एक प्रार्थनाशेड होती. बाकीचा पाडा आपापल्या देवांचा. वस्ती म्हणायची, पण एक घर या टेकडीवर तर दुसरं पलीकडच्या. कुडाच्या भिंती, मातीनं लिंपलेल्या. हाक मारली की दरीपलीकडून उत्तर यायचं. मोबाइलला रेंज एकाच खडकावर, त्यावर संध्याकाळी आमचीच गर्दी.

आमच्याकडे छापील वेळापत्रक होतं. सकाळी मुलांची शाळा, दुपारी घरभेटी, रात्री भजनं आणि साक्ष. पाड्याच्या वेळापत्रकात मात्र मे महिना आमचूराचा असतो, हे आमच्यातल्या कुणाच्या गावी नव्हतं. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, कापायच्या, वाळत घालायच्या. घरापुढचं अंगण, खडक, छप्पर, जिथे ऊन पडेल तिथे फोडी. हा वर्षातला हातात रोकड येण्याचा काळ, आणि अवकाळीचं एक सर आलं तर फोडी काळ्या पडून भाव निम्म्यावर. मुलंसुद्धा कापायला बसलेली. तिसऱ्या दिवशी वेळापत्रक आपोआपच मोडलं, आम्हीही कैऱ्या सोलायला बसलो आणि मुलांना जी काही गाणी शिकवली ती तिथेच, हात चालू ठेवून. माझ्या बोटांना चिरा पडल्या. एका म्हातारीनं माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि मला फोडी पसरायला पाठवलं. तिला मराठी येत नव्हतं, मला पावरी. पण माझी बदली झाली आहे, हे स्पष्ट होतं.

त्या घरातला कर्ता पुरुष चाळिशीचा होता. मी त्याला मामा म्हणायला लागलो. त्याचं मराठी चांगलं होतं, आणि त्यात एक हेल होता जो मला ओळखीचा वाटत होता पण पटकन जागा सापडेना. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, "तू पुण्याचा?"

"नाही, करमाळा. सोलापूर जिल्हा."

"म्हणजे जेऊर टेशनाच्या अलीकडं."

मग तो बोलत सुटला. उजनीच्या पाण्याच्या काठचे फड, कुठल्या वाटेला बैलगाडी फसते, देवीच्या देवळाच्या दीपमाळा किती लांबून दिसतात, कोणत्या दुकानदाराचा काटा खोटा आहे. आठ हंगाम तो आणि त्याची बायको एक कोयता म्हणून आमच्या तालुक्यात ऊस तोडायला येत होते. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळी झाली की निघायचं, पाच महिने कोपीत राहायचं, होळीच्या सुमारास परत. थोरली मुलगी एका फडावरच्या कोपीतच जन्मली. जागा त्यानं अशी सांगितली की मला डोळ्यांपुढे आली. आमच्या घरापासून दोन-अडीच किलोमीटर.

म्हणजे मी सेवेसाठी एक दिवस आणि एक रात्र प्रवास करून ज्याच्या घरी पोचलो होतो, तो वर्षातले पाच महिने माझा शेजारी होता. हसावं असंच होतं ते, आणि मामा हसलाच. "तुम्ही इतकं लांब कशाला आले?" त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच कुतूहल होतं.

बारा दिवसांनी आम्ही निघालो. परतीच्या जीपमध्ये सगळे भारावलेले, कुणी रडत होतं. पुण्यात आल्यावर मंडळीपुढे आमच्या साक्षी झाल्या. मी आमचूराबद्दल बोललो, लोकांना ते आवडलं.

ताईला उत्तर द्यायचं म्हणून मी क्री लोकांबद्दल वाचायला बसलो आणि लिपीवर अडकलो. इंजिनिअर माणूस असाच कुठेतरी भलतीकडे अडकतो. १८४० च्या सुमारास, विनिपेग सरोवराच्या उत्तरेला नॉर्वे हाउस इथे जेम्स इव्हान्स नावाच्या मेथडिस्ट मिशनऱ्यानं क्री भाषेसाठी अक्षरलिपी छापात आणली. तिची गंमत अशी, की व्यंजनाचं एकच चिन्ह, ते ज्या दिशेला वळवाल तसा त्यातला स्वर बदलतो. म्हणजे बाराखडीच, फक्त काना-मात्रा लावण्याऐवजी अक्षरच फिरवायचं. अभ्यासक सांगतात की या कल्पनेमागे लघुलिपी होती तशीच देवनागरीही होती. भारतातल्या मिशनऱ्यांमुळे ती तिकडच्या मिशनरी वर्तुळात माहीत झाली होती. खिळे पाडायला त्यानं चहाच्या पेट्यांमधलं शिसं वापरलं. क्री लोकांची स्वतःची परंपरा मात्र निराळी आहे. ती म्हणते, ही लिपी कॉलिंग बॅजर नावाच्या त्यांच्याच माणसाला आत्म्यांच्या लोकातून मिळाली. काही का असेना, लोकांनी ती एकमेकांना शिकवली आणि फार थोड्या काळात ती सर्वदूर पसरली. १९९९ साली ती युनिकोडमध्ये आली. मी ऑफिसातल्या लॅपटॉपवर ती अक्षरं उघडून बराच वेळ बघत बसलो. ओळखीची वाटत होती, आणि एकही वाचता येत नव्हतं.

पुढचं वाचन इतकं गोड नव्हतं. त्याच चर्चांनी सरकारबरोबर निवासी शाळा चालवल्या. एकोणिसाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दीड लाखाहून अधिक मुलं घरापासून तोडून तिथे ठेवली गेली. केस कापले, नावं बदलली, मातृभाषेत बोललं तर मार. हजारो परत आली नाहीत. सत्यशोधन आणि समेट आयोगानं २०१५ साली याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. २५ जुलै २०२२ ला पोप फ्रान्सिस मास्क्वासीस या क्री वस्तीवर गेले आणि त्यांनी माफी मागितली. ते ठिकाण एडमंटनपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. ताईच्या घरून दीड तासही लागत नाही.

हे वाचताना मला कॅनडा परका वाटला नाही, याचं कारण आज्जीचा तो आजोबा. १८९९-१९०० च्या दुष्काळात तो सहा-सात वर्षांचा होता. आईबाप गेले, कुणीतरी त्याला मिशनच्या अनाथाश्रमाच्या दारात आणून सोडलं. तिथे त्याला भाकरी मिळाली, सुतारकाम मिळालं, अक्षर मिळालं, येशू मिळाला आणि नवं नाव मिळालं. जुनं नाव, गाव, जात, कुळ, यातलं आज कुणालाच काही माहीत नाही. पप्पांनी एकदा शोधायचा प्रयत्न केला, पण नोंदवहीत एक आकडा आणि 'अनाथ' एवढंच होतं. आज्जीला याचं दुःख कधी वाटलं नाही. "नावाला काय चाटायचंय? पोट भरलं ते बघ की." पप्पांना वाटतं. मला दोघांचंही पटतं, आणि ते एकाच वेळी पटणं फार सोयीचं नाही. मिशनवर टीका करणारे लेख वाचताना मला आज्जीचा आवाज ऐकू येतो, आणि मिशनचं कौतुक ऐकताना ती नोंदवही दिसते. नगर आणि मास्क्वासीस यांत फरक आहे, तो मी पुसत नाही. त्याला दुष्काळानं दारात आणलं होतं, तिकडे पोरं आईच्या हातातून ओढून नेली. पण आकडा दोन्हीकडे होता.

ताईला मी कळवलं ते असं: पाठव, पण आधी तिला मास्क्वासीसला घेऊन जा आणि तिथे काय झालं ते वाचायला लाव. आणि तिथे जाऊन शिकवण्याची घाई नको म्हणावं. ताई म्हणाली, "हो म्हणालास की नाही म्हणालास तेच कळलं नाही." खरं आहे.

थोडे दिवस जाऊन येणाऱ्यांच्या या सगळ्या हिशेबात मला एक माणूस वेगळा दिसतो, तो म्हणजे शामराव हिवाळे. नगरकडच्या ख्रिस्त्यांना हे आडनाव ओळखीचं आहे. १९४७ साली सुरू झालेल्या अहमदनगर कॉलेजचे संस्थापक डॉ. बी. पी. हिवाळे होते, पप्पा त्याच कॉलेजचे. शामरावांचं नाव मात्र पप्पांनीही ऐकलेलं नव्हतं. मराठी ख्रिस्ती घरातला हा तरुण पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. ऑक्सफर्डहून आलेला व्हेरियर एल्विन तिथेच होता. जमनालाल बजाजांनी गोंडांचं नाव सुचवलं आणि १९३२ च्या सुरुवातीला दोघे मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला जाऊन राहिले. शाळा, दवाखाना, पुढे कुष्ठरोग्यांसाठी घर. सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला एल्विननं नकार दिला, त्यामुळे नागपूरच्या बिशपनं परवाना दिला नाही. धर्मांतर करायचं नाही असं तर त्यांनी ठरवलंच होतं. १९३५ मध्ये एल्विननं चर्चही सोडलं. गोंडांनी एकाला 'बडा भाई' केलं, दुसऱ्याला 'छोटा भाई'.

बडा भाई प्रसिद्ध झाला. पुस्तकं, वाद, पद्मभूषण, १९५४ पासून ईशान्य भारत, हे सगळं लिहिलं गेलंय. छोट्या भाईनं पाटणगढ सोडलं नाही. लग्न तिथल्याच परधान मुलीशी केलं. परधान हे गोंडांचे भाट, वंशावळी गाणारे. त्यांच्यावर त्यानं १९४६ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. मी त्याची स्कॅन केलेली प्रत वाचली. त्यात परधानांची चतुराई, लबाडी, प्रेमप्रकरणं, गाणी सगळं आहे. उपकार केल्याचा सूर कुठे सापडत नाही, बहुधा घरच्याच माणसांबद्दल लिहीत असल्यामुळे. पुढे याच पाटणगढचा जनगढ सिंह श्याम चित्रकार म्हणून जगभर गाजला. त्याचं श्रेय मी हिवाळ्यांना देणार नाही, ते जनगढचं आणि भाटांच्या परंपरेचं आहे.

हिवाळ्यांसारखं आयुष्य मला झेपणार नाही, हेही मला माहीत आहे. माझ्यावर घराचं कर्ज आहे, हिंजवडीत नोकरी आहे, आणि पत्नीला सातपुड्यापेक्षा कोकण आवडतं. 'तिथेच राहा' हा सल्ला देणं सोपं असतं.

मामाकडे माझा नंबर होता. २०२३ च्या नोव्हेंबरात फोन आला, "करमाळ्यात आलोय. तू कॉम्प्युटरवाला ना?" काम रेशनचं होतं. कार्ड नंदुरबार जिल्ह्यातलं, माणसं सोलापूर जिल्ह्यात. कार्ड कुठलंही असलं तरी धान्य कुठल्याही दुकानात मिळायला हवं, तशी सोय आता आहे. पण पाच महिने ही माणसं बाजारभावानं गहू-तांदूळ घेत होती, कारण कुणी दुकानात उभं करून घेत नव्हतं. शनिवारी मी गावी गेलो. आधी मोबाइलवर कार्ड तपासलं. सहा जणांपैकी दोघांचे आधार जोडलेले नव्हते, धाकट्याचं आधारच नव्हतं. मग दुकान. दुकानदार ओळखीचा, त्यानं कुरकुरत ई-पॉस मशीन पुढे केलं.

मामाचा अंगठा लागेना. उसाची पाती आणि कोयत्याची मूठ यांनी बोटांवरच्या रेषा पुसल्या होत्या. दोनदा पुसून लावला, तेल लावून लावला. तर्जनी नाही, मधलं बोट नाही. मागे रांग वाढत होती, कुणीतरी म्हणालं, बाहेरचे कशाला घुसतात. पप्पा माझ्याबरोबर आले होते, ते त्या माणसाशी बोलायला मागे वळले. मामीनं हात पुढे केला. तिची डाव्या हाताची अनामिका तिसऱ्या खेपेला लागली आणि मशीननं पावती काढली. चार जणांचं वीस किलो. दुकानदार म्हणाला, उरलेल्या दोघांचं आधार जोडून आणा, मग बघू. धाकट्यासाठी सोमवारी आधार केंद्रात जायचं ठरलं. मला सुट्टी नव्हती, तेव्हा पप्पा जातो म्हणाले.