सुरय पाहायला, होडीतूनच

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवतीच्या किनाऱ्यावरून नैऋत्येकडे पाहिले, तर स्वच्छ हवेत समुद्रात काळ्या खडकांचा एक पुंजका दिसतो. हेच वेंगुर्ला रॉक्स. तेथे दीपगृह आहे, मनुष्यवस्ती नाही. १८७५ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम पक्षी पाहण्यासाठी येथे आले होते. १९४० मध्ये हुमायून अब्दुलअली यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात येथील सुरय व पाकोळ्यांविषयी लिहिले.

मार्चच्या आरंभी आम्ही निवतीस असताना माझ्या एकोणऐंशी वर्षांच्या वडिलांनी विचारले, "होडी जाते का रे तिकडे?" आई गेल्यापासून दोन वर्षे ते अंगणाबाहेर क्वचितच पडले होते. रक्तदाब, दुखरे गुडघे आणि प्रत्येक बेताला "आता कशाला?" हे उत्तर. काळजी वाहणाऱ्याच्या ओठांवर अशा वेळी प्रथम "नको" येते. ते प्रेमापोटीच असते. परंतु वारंवार ऐकून वृद्धाचे जग खाटेएवढे होते. म्हणून मी "नको" म्हणण्याआधी तयारीचा हिशेब मांडला.

सकाळी लवकर निघावे. तेव्हा वारा कमी असतो. उपाशीपोटी जाऊ नये; हलका नाश्ता पुरेसा. होडीच्या मध्यभागी बसून नजर क्षितिजावर ठेवल्यास मळमळ कमी होते. मळमळीवरील गोळ्यांनी गुंगी येते. प्रोस्टेटची वाढ वा काचबिंदू असणाऱ्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठरवावी. ती परस्पर बंद करू नये. पाणी, टोपी आणि नेहमीची औषधे जवळ हवीत. जीवरक्षक जाकीट सर्वांनी घालावे. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, तसेच तोल जाणाऱ्यांनी हा प्रवास टाळावा.

सर्वांत अवघड असते ते होडीत चढणे. दोन खलाशांनी बाबांना दोन्ही बाजूंनी धरले, तांडेल म्हणाला, "आजोबा, घाई नाही. लाट जाऊ दे." लाट गेली आणि ते चढले.

खडकांजवळ पोहोचताच इंजिन मंद झाले. गुहांच्या तोंडाशी भारतीय पाकोळ्यांची ये-जा चालू होती. हे चिमुकले पक्षी आपल्या लाळेने घरटे बांधतात आणि अंधाऱ्या गुहेत प्रतिध्वनीच्या आधारे वाट काढतात. खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या याच घरट्यांची येथून तस्करी होत असे. वर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड घिरट्या घालत होता. काही सुरय पाण्यात सूर मारत होते. त्यांच्या काही जाती पावसाळ्याच्या सुमारास उघड्या खडकांवर अंडी घालतात.

बेटावर आम्ही उतरलो नाही. माणूस जवळ आला की पक्षी घरटे सोडून उडतात. अंडी उन्हात उघडी पडतात. गुडघ्यांसाठीही ते निसरडे खडक वर्ज्यच. पक्ष्यांच्या हिताचा नियम येथे वृद्धांच्याही हिताचा ठरतो. बाबा अर्धा तास दुर्बीण धरून बसले होते. परतताना त्यांनी तांडेलाला विचारले, "पावसाळ्यानंतर होड्या केव्हा सुरू होतात?"

ज्यांना होडी झेपणार नाही, त्यांनी निवतीच्या वाळूवर खुर्ची टाकून दुर्बीण लावावी. घरातील वृद्धांना कोठे जावेसे वाटते, एवढे मात्र विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.