पिशवी किती वेळा उचलायची?

डिचोलीत रेल्वे नाही. पेडण्यात रेल्वे आहे, महामार्ग आहे आणि जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळही आहे. मेट्रो मात्र दोन्हीकडे नाही. तरी पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्यांचा चवथीचा प्रवास आता जमिनीखालूनच सुरू होतो.

पिंपरीकडून येणारी मेट्रो रेंजहिल्सनंतर खाली उतरते. शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही पाचही स्थानकं भुयारी. मुठेच्या पात्राखालून आणि जुन्या पेठांच्या पोटातून गाडी जाते. वर कोणाला पत्ताही लागत नाही. स्वारगेटपर्यंतचा हा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. सरकत्या जिन्याने वर आलं की जेधे चौक. पीएमपीच्या बसगाड्या आणि एसटी स्टँड, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर.

शिवाजीनगरला उलटं झालं. भुयारी स्थानक बांधण्यासाठी तिथलं एसटी स्टँड २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं. मेट्रो आली, पण एसटी लांब गेली. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही असंच असतं. दोन प्रणाली आपापल्या जागी ठणठणीत चालतात. घोळ होतो तो त्या जोडताना.

माझ्या आईला हे कोणी शिकवावं लागलं नाही. म्हापशाहून रात्रीच्या बसने ती पुण्याला येते. सोबत नारळ, सोलं आणि दुखरे गुडघे. तिच्या हिशेबात प्रवास किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. पिशवी किती वेळा उचलली, ते मोजतात. पूर्वी पहाटे तिला आणायला मी स्वारगेटला जायचो. आता ती लिफ्टने खाली जाते, मेट्रोत बसते आणि पिंपरीला उतरून फोन करते, ‘‘पोचले रे, चहा ठेव.’’ त्या फोनमधला तिचा रुबाब ऐकण्यासारखा असतो.

भुयाराचं अप्रूप आपल्याला नसावं. मडुरे आणि पेडण्यादरम्यानच्या सुमारे दीड किलोमीटरच्या बोगद्याने ओल्या, मऊ मातीमुळे कोकण रेल्वेला वर्षानुवर्षं झुंजवलं. अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. हे काम उभं करणाऱ्या ई. श्रीधरन यांनीच पुढे दिल्लीची मेट्रो बांधली. म्हणजे अवघड ते आपल्या मातीत केव्हाच होऊन गेलंय.

राहिलंय ते सोपं. मोपाहून पणजी, म्हापसा, मडगावला कदंबच्या बसगाड्या सुटतात. तशीच रेल्वेच्या वेळेला पेडणे आणि थिवी स्टेशनांवर डिचोलीची बस उभी असली, तर किती आईबाबा कोणावर अवलंबून न राहता ये-जा करतील! त्यासाठी भुयार खणायला नको, दोन वेळापत्रकं शेजारी ठेवून बघितली तरी पुरे.

यंदा चवथीची तिकिटं काढताना गाडी किती वाजता पोचते एवढंच बघू नका. उतरल्यावर आईची पिशवी कुठे ठेवायची, तेही बघा.