चालत्या घराची मोरी

कल्याणाहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकल गाडींत बसलें म्हणजे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं स्थानकें पाहतां पाहतां मागें पडतात. या टापूचें प्रवासवर्णन लिहावें असें कोणास वाटत नाहीं. अंबरनाथचें शिवालय सोडलें तर तेथें पाहण्यासारखें आहे काय, असें मुंबईकर पाहुणे आम्हांस विचारतात. आणि आम्ही स्वतः बदलापुरास राहत असूनही आमच्याजवळ त्याला उत्तर नव्हतें. परंतु गेल्या मार्गशीर्षांत एका मोरीसाठीं आम्हांस या तिन्ही गांवीं हिंडावें लागलें, आणि जें रोज खिडकींतून दिसत होतें तें प्रथमच पायीं चालून पाहावयास मिळालें.

मोरी म्हणजे भांडीं घासावयाची, जिला हल्लीं घरोघरीं सिंक म्हणतात ती. आणि तीही घरांतली नव्हे, गाडींतली. आमच्या पुतण्यानें एक जुनी मोठी व्हॅन घेऊन तींत निजावयास दोन बाकें, शेगडी, ६० लिटरांची पाण्याची टाकी आणि लहानसा ओटा अशी सोय करून घेतली आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून असल्या गाड्यांचें नांव आपल्याकडे कानांवर येऊं लागलें. आमच्या घरीं तीस ‘चालतें घर’ म्हणतात.

या खटाटोपाचें मूळ आमच्या थोरल्या भगिनी अक्का. वय ८४. एकदां नरसोबाच्या वाडीस जाऊन कृष्णा-पंचगंगेचा संगम पाहावा, एवढीच त्यांची इच्छा उरली आहे. बाहेरचें अन्न त्या घेत नाहींत, आणि वाहत्या पाण्याखालीं न विसळलेलें भांडें त्यांस चालत नाहीं. आगगाडीचें म्हणाल तर २७ जुलै २०१९ रोजीं कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत अडकली, व हजाराच्या आसपास उतारू बाहेर काढावे लागले. तें पाणी आमच्या दारापासून फार दूर नव्हतें. त्या दिवसापासून अक्कांनीं रेल्वेचें नांव टाकलें.

म्हणून कार्तिकांत चालत्या घरानें निघालों. कर्जत, खोपोली मागें टाकून बोरघाट चढूं लागलों, तों तिसऱ्या कीं चौथ्या वळणावर मागें मोठा आवाज झाला. सिंक आंतल्या पातेल्यांसह ओट्याखालीं कोसळलें होतें. तें ओट्याच्या खालच्या बाजूस नुसतें चिकटवलेलें होतें. गाडीच्या हादऱ्यांनीं चिकटवण सुटली. पाईप उपटला गेला, गाडींत पाणीच पाणी झालें, आणि अक्कांचें पितळी पातेलें चेपलें. आम्ही परत फिरलों. वाटेंत अक्का बराच वेळ बोलल्या नाहींत. घरीं उतरतांना एवढेंच म्हणाल्या, “देवाच्या मनांत नाहीं रे. माझ्यापायीं आतां आणखी पैसे घालूं नका.”

पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें. दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे उल्हासनगरास गेलों.

उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांस तिच्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें नगराची कोनशिला बसली. विभागांस अजून कँप नंबर एक, दोन असेंच म्हणतात. येथल्या मालावरील ‘मेड इन यू. एस. ए.’ या अक्षरांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावून लोक हंसतात. पण सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनीं बराकींतून एवढी बाजारपेठ उभी केली, याचें कौतुक हंसणारांनीं करावयास हरकत नाहीं.

हार्डवेअरच्या दुकानांत सिंकांची चळत भिंतीएवढी होती. दुकानदारानें प्रथम २४ इंच लांब व १८ इंच रुंद असें ऐसपैस सिंक पुढें केलें. खोली ९ इंच. आम्हांसही तें आवडलें. पण शाळेंत गणित शिकविल्याचा एक उपयोग झाला. आंतल्या पोकळीचा हिशेब केला तेव्हां त्यांत पन्नासाच्या आसपास लिटर पाणी मावतें असें निघालें. म्हणजे आमची सारी टाकी एका सिंकांत रिती व्हावयाची! घरांत नळ सोडला कीं पाणी येतें, म्हणून मोठें सिंक शोभतें. चालत्या घरांत सिंक टाकीच्या मापानें घ्यावें लागतें. शिवाय एक लिटर पाण्याचें वजन एक किलो, आणि तें घाटांत प्रत्येक वळणावर डचमळणार. आम्हीं १६ गुणिलें १४ इंचांचें, ६ इंच खोलीचें लहान सिंक पसंत केलें. तें कांठोकांठ भरलें तरी सोळा-सतरा लिटरांवर जात नाहीं, आणि कोणी भरूंही नये.

धातूविषयींही शिकावयास मिळालें. दुकानदारानें लोहचुंबक लावून दाखविलें; तें चिकटलें नाहीं, म्हणून माल ३०४ प्रतीचा, असें त्याचें म्हणणें. ३०४ प्रतींत क्रोमियम सुमारें १८ टक्के व निकेल सुमारें ८ टक्के असतें, आणि ती सहसा गंजत नाहीं. परंतु निकेल कमी करून मँगनीज घातलेली २०२ ही स्वस्त प्रत, तिलाही लोहचुंबक चिकटत नाहीं. तेव्हां ही परीक्षा अर्धीच. पुतण्यानें बिलावर प्रत लिहून मागितली, आणि मग त्याच दुकानदारानें मुकाट्यानें दुसरें सिंक काढून दिलें. पत्र्याचा गेज जितका मोठा तितका पत्रा पातळ, हेंही येथेंच कळलें; आम्हीं १८ गेजचा घेतला.

एवढी हुशारी करून घरीं आलों, आणि नवें सिंक ओट्याच्या भोंकावर ठेवलें तें सरळ खालीं गेलें. भोंक १६ गुणिलें १४ चें होतें, तें आम्हींच मोजलें होतें. दुकानांत सांगतात तें माप कांठाच्या बाहेरचें असतें. वरून टेकणाऱ्या सिंकाचा कांठ भोंकाहून मोठा हवा. चाळीस वर्षें मुलांस ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून सांगितलें, त्याचें फळ पुतण्यासमोर मिळालें. तो हंसला नाहीं, हा त्याचा चांगुलपणा.

मात्र त्या निमित्तानें ओटा उचकटून पाहिला, तों भोंकाच्या कडेचें प्लायवूड पाणी पिऊन बोटानें चुरत होतें. सिंक बरोबर बसलें असतें तर पुढच्या घाटांत ओट्यासह खालीं आलें असतें.

नव्या फळीसाठीं अंबरनाथ गांठलें. एका लहानशा कारखान्यांतल्या सुतारानें आमचा कागद बाजूला सारून सिंकच फळीवर उपडें ठेवलें, कांठाभोंवतीं पेन्सिल फिरविली आणि रेघेच्या आंत अर्धा इंच सोडून १५ गुणिलें १३ चें भोंक पाडलें. कापलेल्या कडेला त्यानें दोन हात वॉर्निश दिलें. तें वाळेपर्यंत आम्ही देवळाकडे गेलों. शके ९८२, म्हणजे १०६० सालचा शिलाहारांच्या काळचा शिलालेख तेथें आहे. गाभारा जमिनीच्या पातळीखालीं; पायऱ्या उतरून जावें लागतें, आणि वर शिखराच्या जागीं आकाश दिसतें. शेजारून वालधुनी वाहते. वाहते म्हणावयाचें एवढेंच. कारखान्यांचें व वस्तीचें सांडपाणी घेऊन ती पुढें उल्हासनगरांतून जाते. २०१४ च्या नोव्हेंबरांत तींत कोणी रसायन सोडलें, तेव्हां कांठच्या शेंकडों रहिवाशांस श्वासाचा त्रास होऊन इस्पितळ गांठावें लागलें. साडेनऊशें वर्षांपूर्वीं ज्या शिल्पकारांनीं या पाण्याकांठीं जागा निवडली, त्यांनीं नाकाला उपरणें लावून ती निवडली नसेल.

तेथें उभें असतांना पुतण्या हळूच म्हणाला, “काका, आपला पाईपही रस्त्यावरच सुटतो.” खरें होतें. धुण्याचें पाणी गाडीखालून सरळ रस्त्यावर पडत असे, व आम्हांस त्यांत आजवर कांहीं वावगें दिसलें नव्हतें. परततांना ४० लिटरांचा एक बंद कॅन विकत घेतला.

बदलापुरास बसविण्याचें काम एका दुपारींत झालें. कांठाखालीं सिलिकॉन भरलें, खालून चिमट्यांनीं सिंक फळीस आवळलें आणि एक दिवस हात लावला नाहीं. चिकटद्रव्यावर भार नको, भार कांठानें पेलावा, हें बोरघाटानें शिकविलेंच होतें. पाईपला वांकडा ट्रॅप ठेवला. त्यांतलें पाणी हादऱ्यांनीं उडून गेलें म्हणजे कॅनचा वास वर येतो, म्हणून गाडी थांबली कीं प्रथम अर्धा पेला पाणी ओतावें लागतें. मग बूच लावून सिंक कांठोकांठ भरलें, तासाभरानें बूच एकदम ओढलें, आणि खालीं पसरलेलें वर्तमानपत्र तपासलें. एका सांध्याशीं ओला ठिपका निघाला. पुन्हां आवळलें, पुन्हां भरलें.

पहिली फेरी बारवी धरणाच्या रस्त्यावर केली. अक्का आधीं ‘मी कशाला’ म्हणत होत्या. मग स्वतःचें पातेलें घेऊन आल्या. ठोकून सरळ केलेलें तेंच. गाडींत वरणभात झाला. जेवणें झाल्यावर त्यांनीं कोणास हात लावूं दिला नाहीं, बारीक धारेखालीं एकेक भांडें स्वतः विसळलें. घरीं येऊन कॅन मोजला : ११ लिटर.

“हें पाणी वाडीला कुठें टाकणार?” अक्कांनीं विचारलें.

“जिथें मुक्काम करूं तिथल्या मोरींत, आत्या. नदींत नाहीं.”

“घाटाच्या जवळसुद्धां नाहीं,” अक्का म्हणाल्या, आणि आम्हांकडे वळून, “पंचांग आण रे. माघांतला चांगला दिवस बघ.”