प्रमाण आणि शुद्धी

मार्च २०२० च्या अखेरीस वरळी कोळीवाडा सील झाला. कोरोनामुळे मुंबईत सर्वात आधी बंद झालेल्या वस्त्यांपैकी तो एक. दोन माणसे जेमतेम जातील अशा गल्ल्या, घरांचे उंबरे, सार्वजनिक शौचालये, सगळीकडे सोडियम हायपोक्लोराइटचा वास भरला होता. धान्य आणि औषधे पोचवण्याच्या कामामुळे माझे तिथे जाणे-येणे होते. फवारणीला येणारे जे कंत्राटी कामगार मला भेटले, त्यांतले बरेच आपल्याच समाजाचे होते.

त्यातले एक काका कॅन तिरका करून पंपात अंदाजाने ओतत. किती टाकता, असे विचारले तर म्हणाले, "वास नाकात गेला पाहिजे मॅडम, मग समजायचं झालं." हातात मोजे नव्हते. कॅनवरची सूचना इंग्रजीत होती.

मी एमए समाजशास्त्रात केले, पण बारावी सायन्सची. हे गणित प्रयोगशाळेत केलेले होते. मूळ द्रावणाची तीव्रता गुणिले त्याचे आकारमान बरोबर तयार द्रावणाची तीव्रता गुणिले त्याचे आकारमान. कॅनमधले औषध ५ टक्क्यांचे आणि पृष्ठभाग पुसायला १ टक्क्याचे हवे, तर १ लिटर औषधात ४ लिटर पाणी. दहा लिटरच्या बादलीला २ लिटर औषध, ८ लिटर पाणी. "पाचपट पातळ करा" हे ऐकून कोणी १ लिटरमध्ये ५ लिटर पाणी घातले, तर एकूण ६ लिटर होतात आणि तीव्रता ०.८३ टक्क्यांवर येते. पाच हा आकडा एकूण द्रावणाचा आहे, पाण्याचा नाही. एवढी साधी गोष्ट त्या काकांना कोणीही सांगितलेली नव्हती.

वासावरून तीव्रता कळत नाही. उन्हात ठेवलेला किंवा जुना कॅन कमजोर होतो, तरी त्याला वास येतो. मासळीचे पाणी, खवले, चिखल यांवर फवारले तर क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतो. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुवायचे, मग औषध लावायचे आणि दहा मिनिटे राहू द्यायचे. शौचालय धुण्याचे ॲसिड यात चुकूनही मिसळायचे नाही, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ॲसिड पातळ करायचे असेल तर पाण्यात ॲसिड हळूहळू ओतायचे. ॲसिडवर पाणी ओतले तर ते उसळून अंगावर येते. बंद शौचालयात काम करणाऱ्यासाठी ही माहिती म्हणजे जीव वाचवण्याचे साधन आहे.

मित्रांनो, आता मुद्द्यावर येते. त्याच दिवसांत उत्तर प्रदेशातील बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर हे रसायन फवारले गेले. बायका आणि लहान मुलेही त्यात होती. पुढे एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सांगावे लागले की माणसांवर फवारणी करू नका, ती शरीराला आणि मनालाही अपायकारक आहे. रसायन फरशीसाठी होते. ते मजुराच्या अंगावर पडले, कारण फवारणाऱ्या व्यवस्थेच्या नजरेत घाण तो मजूरच होता.

ही नजर आपण ओळखतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे "शुद्धीकरण" केले. १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही आणि मंत्र. त्या पाण्यात कोणते जंतू होते, किती होते, कशाने मरतील, हे कोणी तपासले नाही. मोजायचे काही नव्हतेच. विटाळ त्यांच्या डोक्यात होता आणि तो आपल्या ओंजळीवर लादला होता.

विज्ञानाची शुद्धी मोजता येते, तपासता येते, चुकली तर सुधारता येते. पण प्रमाण माहीत असणारा एक आणि रसायन हाताळणारा दुसरा, अशी वाटणी झाली की विज्ञानही जातीच्या चौकटीत बसवले जाते. टक्केवारी साहेबाच्या कागदावर राहते आणि फोड कामगाराच्या बोटांवर येतात. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद केली, पण झाडू, ॲसिड आणि फिनेल ज्यांच्या हातात आहे ते हात फारसे बदललेले नाहीत.

म्हणून आपल्या मागण्या ठोस हव्यात. प्रत्येक कॅनवर मराठी आणि हिंदीत प्रमाण, तयार केल्याची तारीख आणि धोक्याची सूचना असावी. प्रत्येक कामगाराला खुणा असलेले मोजपात्र, मोजे आणि चष्मा मिळावा, आणि त्याला पगारी वेळेत प्रशिक्षण द्यावे. कंत्राटी आहे म्हणून यातले काही वगळता येणार नाही.

आणि आपल्यातल्या सायन्सच्या मुलामुलींना एक विनंती. जयंतीच्या वर्गणीतून चार मोजपात्रे घ्या, बुद्धविहारात एका रविवारी वस्तीतल्या सफाई कामगारांना बोलवा आणि एकास चारचे गणित करून दाखवा. "शिका" या शब्दात हेही येते.

जय भीम!