डोंगरातली छोटी डबी

लपाछपी तर तुम्ही खेळताच. पण लपवणारा कोण हेच ठाऊक नाही आणि राज्य मात्र आपल्यावर, असा खेळ कधी खेळलात का? त्याला ‘जिओकॅशिंग’ म्हणतात. कुणीतरी रानात, डोंगरात एक डबी लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. आपण ती शोधायची!

यात मदतीला असतात जीपीएसचे उपग्रह, सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणारे. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की आपण कुठे आहोत ते यंत्राला कळतं. पूर्वी सामान्य लोकांसाठीच्या संदेशांत अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे. मे २००० च्या सुरुवातीला ते थांबलं आणि ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी रानात एक बादली लपवली. तिच्यात पुस्तकं, इतर वस्तू आणि चक्क घेवड्याच्या दाण्यांचा डबा होता! तिथून हा खेळ जगभर पसरला.

गेल्या हिवाळ्यात सहावीतल्या भाच्याला घेऊन मी लोणावळ्याजवळच्या नागफणीला गेलो. कुरवंडे गावातून पायवाट चढते. वर पोचलो आणि दोघंही गप्प झालो. खाली खोल दरी, खंडाळ्याच्या घाटात खेळण्यासारखी दिसणारी आगगाडी आणि दूरवर धुरकट कोकण. याच कुरवंड्याच्या घाटाने मोगल सरदार कारतलबखान फौज घेऊन उतरला होता. खाली उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी, झाडीत दबा धरलेल्या मावळ्यांसह शिवाजी महाराजांनी त्याला कोंडलं. म्हणजे लपण्याची विद्या सह्याद्रीला काही नवी नाही, बरं का!

डबी कुठे होती, ते मात्र सांगणार नाही. तो खेळाचा नियमच आहे.

मोबाईल आपल्याला चार-पाच मीटरपर्यंत नेऊन सोडतो. पुढे डोळेच हवेत. अर्धा तास शोधल्यावर भाचा ओरडला, “मामा, सापडली!” कपारीत, दोन दगडांमागे प्लॅस्टिकची डबी होती. आत एक वही, पेन्सिल, एक शिंपला आणि एक सुंदर भिंग.

भिंग पाहून त्याचे डोळे चमकले. पण नियम असा, की एखादी वस्तू घेतली तर तिच्या तोडीची ठेवायची. त्याच्या खिशात होता फक्त बुद्धिबळाच्या स्पर्धेत मिळालेला बिल्ला. तो हळूच म्हणाला, “मामा, इथे कोण बघतंय?”

मी काही बोललो नाही. वही त्याच्या हातात दिली. शेवटच्या पानावर वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘माझं भिंग ठेवतोय. ज्याला मिळेल त्याने मुंग्या बघाव्यात.’

भाचा बराच वेळ ते वाचत राहिला. मग त्याने बिल्ला काढला, शर्टाला पुसला आणि डबीत ठेवला. खाली तारीख घालून लिहिलं, ‘भिंग घेतलं. मुंग्या बघितल्या. त्यांना मिशा आहेत!’ आणि खरोखरच दहा मिनिटं तो खडकावर पालथा पडून मुंग्या बघत होता. डबी होती तशी, त्याच दगडांमागे ठेवूनच आम्ही उतरलो.

तुम्हीही जा, पण मोठ्यांबरोबर, आणि कड्यापासून लांब राहा. डबी शोधताना खणायचं नाही, गडाचे दगड हलवायचे नाहीत. डबीत खाऊही ठेवायचा नाही, नाहीतर वासाने जनावरं ती फोडतात.

त्या डबीला ना कुलूप, ना राखणदार. तरी ती तिथे टिकून आहे, कारण आजवर जो जो आला, त्याने ती पुढच्यासाठी नीट ठेवली. पुढचा कोण, हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. कदाचित तो तुम्हीच असाल.