डाव्या डोळ्यांचा मासा

मासेमारी म्हटली की लोक धीराचं कौतुक सुरू करतात. गळ टाकायचा, गप्प बसायचं, पाण्याकडे बघत राहायचं. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात फ्लूक गरवणाऱ्या माणसाला हे सांगून बघा, तो हसेल. गप्प बसणारा इथून रिकाम्या हाताने घरी जातो.

फ्लूक म्हणजे समर फ्लाउंडर. आपल्या लेप्याच्या दूरच्या नात्यातला, पण संस्कार अगदी वेगळे. लेप्याचं तोंड एवढंसं, चिखलातले किडे टिपण्यापुरतं. तो रापणीत मांदेल्यांबरोबर आपसूक येतो, त्याला गळ टाकून कोणी बसत नाही. फ्लूकचा जबडा मात्र रुंद, दात टोकदार. वाळूत अंग पुरून, फक्त डोळे वर काढून तो पडलेला असतो आणि वरून काही जाताना दिसलं की उसळतो.

हे डोळे म्हणजे एक प्रकरणच आहे. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा फ्लूक चारचौघांसारखा असतो, दोन बाजूंना दोन डोळे, पोहणं सरळ. पुढे उजवा डोळा कपाळावरून सरकत सरकत डावीकडे येतो आणि पिल्लू उजव्या कुशीवर आडवं होतं, ते कायमचं. या सरकत्या डोळ्याने डार्विनलाही पेचात पकडलं होतं. १८७१ साली प्राणिशास्त्रज्ञ सेंट जॉर्ज मायवर्टने विचारलं, अर्ध्या वाटेवर आलेल्या डोळ्याचा माशाला उपयोग तो काय? डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या १८७२ च्या आवृत्तीत उत्तर दिलं, पण अर्ध्या वाटेवरचा डोळा प्रत्यक्ष दाखवायला २००८ उजाडलं. जीवाश्मशास्त्रज्ञ मॅट फ्रीडमनने सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत तो दाखवून दिला. त्यातले काही नमुने संग्रहालयांत केव्हाचे पडून होते, नीट बघणारा भेटायचा होता. धीर म्हणायचा तर हा.

रंगाचंही तसंच. प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस समनरने १९११ मध्ये नेपल्सचे चपटे मासे चौकटी-चौकटीच्या तळावर ठेवून पाहिले, तर त्यांनी अंगावर त्या काळ्या-पांढऱ्याचा मेळ जमवायचा जोरदार प्रयत्न केला. फ्लूकही त्याच जातकुळीचा. इथल्या सँडी हूकच्या वाळूवर तो वाळूचा होतो. अशा माशाला शोधायचं कसं? टेक्सासकडे लोक रात्री दिवा घेऊन गुडघाभर पाण्यातून चालतात आणि तळावर त्याची आकृती दिसली की भाला मारतात. ते नजरेचं काम. न्यू जर्सीकडच्या रॅरिटन बेच्या गढूळ पाण्यात नजर कामाची नाही, तिथे सगळी भिस्त बोटावर.

अटलांटिक हायलँड्सच्या धक्क्यावरून सकाळी पार्टी बोटी, म्हणजे माणशी पैसे घेऊन गरवायला नेणाऱ्या बोटी, सुटतात. कठड्याला खांद्याला खांदा लावून माणसं उभी. इंजिन बंद होतं आणि बोट वाहू लागते, कारण मासा प्रवाहाकडे तोंड करून बसलेला असतो आणि आमिष त्याच्यापर्यंत प्रवाहानेच न्यायला हवं. पाणी चालतंय तोवर मासा खातो. भरती पुरी होऊन पाणी थांबलं की तोही तोंड मिटतो. वारा आणि पाणी एकमेकांच्या विरोधात असले तर बोट जागच्या जागी खोळंबते आणि अख्खी सकाळ वाया जाते. उधाण-भांगाचा हिशेब डोक्यात घेऊन वाढलेल्या कोकणी माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

एका उन्हाळ्यात मालवणहून आलेले मामा बरोबर होते. त्यांनी रॉड घेतला खरा, पण दोरी तर्जनीवरच ठेवली, गरी धरतात तशी. शिसं तळाला टेकलं पाहिजे आणि टेकत टेकत गेलं पाहिजे, एवढं ऐकून घेतलं आणि पाच मिनिटांत बोटाने तळ वाचायला लागले. शिसं मऊ बसलं की वाळू, खडखडलं की शिंपले, जड होऊन लोंबलं की शेवाळ. माकुलाची पट्टी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतः कापली. बोटभर लांब, एका टोकाला निमुळती. गळ रुंद टोकातून एकदाच आरपार, म्हणजे उरलेली पट्टी पाण्यात मोकळी फडफडते. दोनदा टोचली तर ती गोळा होऊन गरगर फिरते आणि अशा भोवऱ्याकडे मासा ढुंकूनही बघत नाही.

खरी परीक्षा त्यानंतर. फ्लूक आमिष लगेच गिळत नाही, आधी शेपटाकडून धरतो. बोटाला टकटक लागते आणि मनगट आपोआप झटका मारू बघतं. मारलात तर वर येते अर्धी पट्टी, कडेला अर्धचंद्रासारखा दातांचा ठसा. म्हणून टक लागली की रॉडचं टोक उलट खाली न्यायचं, त्याला दोरी द्यायची. ओझं पुन्हा भरून आलं की मग सावकाश, न थांबता उचलायचं. सगळा धीर या दोन-तीन श्वासांत. बाकी वेळ हात हलताच ठेवायचा. शिशाचे जिग, म्हणजे गळ जडवलेले गोळे, नाचवणारे मात्र म्हणतात, थांबायचं नाही, टक लागताच उचला. यावर बोटीवर तावातावाने वाद होतात. माझं मत विचाराल तर दोघंही बरोबर आहेत, आमिषाला थांबा आणि जिगला थांबू नका.

मामांचा पहिला मासा जाळ्यात आला तेव्हा ते तोंड वाकडं करून म्हणाले, “अरे, ह्यो तर लेपो! हेच्यासाठी एवढा पेट्रोल जाळलंस?” मग दुपारभर कठड्यापासून हलले नाहीत.

तो मासा आम्हाला सोडावा लागला. या भागात २०२४ मध्ये माणशी तीनच फ्लूक आणि प्रत्येक किमान १८ इंचांचा, असा नियम होता. बोटीवर येणारे बहुतेक मासे त्याहून आखूड. नियम हवाच, पण त्यात एक गोम आहे. नर फारसे वाढत नाहीत. १८ इंचांच्या वर जातात त्या बहुतेक माद्या, म्हणजे परत पाण्यात नर आणि कोवळी पोरं जातात आणि घरी तव्यावर येतात त्या अंडी घालणाऱ्या. नुसत्या लांबीवर बोट ठेवणारा हा कायदा मला अर्धवट वाटतो.

आणि परत टाकलेला मासा जगतोच असंही नाही. तेव्हा गरवायला जाल तर एवढं करा. माशाला हात लावण्याआधी हात ओले करा, त्याला फळीवर आपटू देऊ नका. गळ घशात उतरला असेल तर उपटू नका, दोरी तोंडाशी कापा आणि मासा पाण्यात सोडा. गळ काही सेंटचा येतो.