येईल, येणार आहे, येणार होती

आमच्या घरात गेल्या ऑगस्टपासून एका स्कूटरवरून वाद चालू आहे आणि गंमत म्हणजे ती स्कूटर अजून रस्त्यावर आलेलीच नाही. तिचं चित्र आलंय, तिच्या सांगाड्याची माहिती आलीय, ती कुठं बनणार हेही ठरलंय. आमच्या शहरापासून वीसेक किलोमीटरवर, पैठण रोडला, बिडकीनमध्ये. (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. घरात बोलताना तोंडात अजून औरंगाबादच येतं, वाचकांनी सांभाळून घ्यावं.)

वाद घालणारे दोघं बाप-लेक. माझा धाकटा भाऊ दुकान सांभाळून शेअर बाजारात थोडे थोडे पैसे लावतो. सकाळी सव्वानऊ वाजले की त्याचा मोबाइल उघडतो. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात लागलाय. त्याला गाडी आवडते, शेअर नाही. दोघंही एथर एनर्जी या एकाच कंपनीबद्दल बोलतात, पण ऐकणाऱ्याला वाटावं की दोन वेगळ्या कंपन्या आहेत.

मी मधे आहे, कारण दोघांचाही डोळा माझ्या पैशांवर आहे. अम्मीच्या पश्चात जुनं घर विकलं, तेव्हा विरासतीत माझ्या वाट्याला जे आलं त्यातले सव्वा लाख मी बाजूला ठेवलेत. माझी पेट्रोलची स्कूटर अकरा वर्षांची झालीय. शाळेला जाऊन-येऊन रोज चव्वेचाळीस किलोमीटर होतात. भाऊ म्हणतो, "आपा, गाडी कशाला घेतेस, गाडीची कंपनी घे." भाचा म्हणतो, "फुप्पी, गाडीच घे, पण आत्ता नको. नवी येतेय."

कंपनीची थोडी ओळख करून देते. आयआयटी मद्रासमधून शिकलेल्या तरुण मेहता आणि स्वप्निल जैन या दोघांनी २०१३ मध्ये ती सुरू केली. २०१६ मध्ये पहिली स्कूटर लोकांसमोर मांडली, पण ती ग्राहकांच्या हातात पडायला २०१८ उजाडलं. कारखाना तमिळनाडूत होसूरला, वर्षाला चार लाख वीस हजार गाड्यांच्या क्षमतेचा. आधीच्या सगळ्या गाड्या वेगाची हौस असलेल्या तरुणांच्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये 'रिझ्टा' आली, लांबरुंद सीटची, घरच्या माणसांची गाडी. भाचा तिच्यावर जरा नाराज होता. त्याच्या मते कंपनी 'काकू लोकांची' गाडी बनवायला लागली. मी त्याला म्हटलं, बाबा रे, काकू लोकांनाच रोज दप्तरं, भाजी आणि पेपरांचे गठ्ठे न्यायचे असतात. आणि झालंही तसंच, पुढं कंपनीच्या विक्रीत मोठा वाटा या काकूंच्याच गाडीचा झाला.

२०२५ च्या एप्रिल अखेरीस कंपनीचा आयपीओ आला. शेअर ३२१ रुपयांना, कमीत कमी ४६ शेअर घ्यायचे, म्हणजे १४,७६६ रुपये. ६ मे रोजी नोंदणी झाली आणि पहिल्याच दिवशी भाव ३२१ च्या खाली बंद झाला. भावाचा चेहरा उतरला. दिवाळीपर्यंत तो भाव दीडपटीच्या पुढं गेला आणि भाऊ आमच्या घरातला अर्थतज्ज्ञ झाला.

आता मूळ वादाकडे येते. ३० ऑगस्ट २०२५ ला बेंगळुरूत कंपनीचा वार्षिक मेळावा झाला. तिथं गाडीच्या मालकांसमोर, चाहत्यांसमोर पुढच्या गोष्टी जाहीर करायची या कंपनीची रीत आहे. त्या दिवशी 'ईएल' नावाचा नवा प्लॅटफॉर्म दाखवला. प्लॅटफॉर्म म्हणजे गाडी नव्हे. एकाच पायावर चार वेगवेगळी घरं बांधावीत तसा तो पाया. दोन ते पाच किलोवॅट-अवर यांपैकी कुठलीही बॅटरी त्यात बसेल, सर्व्हिसिंग दहा हजार किलोमीटरला एकदाच लागेल, आणि गाडीची जोडणी आधीपेक्षा १५ टक्के लवकर होईल, असं कंपनीनं सांगितलं. या गाड्या बिडकीनच्या नव्या कारखान्यात बनणार आहेत.

हा '१५ टक्के लवकर'चा आकडा आमच्या ओट्यावर तीन तऱ्हेनं वाचला गेला.

भाच्याला त्यात डोकं दिसलं. तो कागद घेऊन समजावत बसला की गाडीचे सुटे भाग कमी केले, वायरींचं जंजाळ आवरलं, की कामगाराला वाकावं कमी लागतं, स्क्रू कमी पिळावे लागतात आणि चूक होण्याच्या जागाही कमी होतात. तो स्वतः जोडणीच्या लाइनवर उभा राहतो, म्हणून त्याच्या बोलण्यात नुसती हौस नव्हती. त्याला खरंच आनंद झाला होता की कुणीतरी लाइनवरच्या माणसाचा विचार करून आराखडा काढला.

भावाला त्यात पैसा दिसला. २०२३-२४ मध्ये कंपनीनं एक लाख नऊ हजारांहून जास्त गाड्या विकल्या आणि तरी १,०५९ कोटींचा तोटा केला. पुढच्या वर्षी दीड लाखाच्या वर गाड्या विकून तोटा ८१२ कोटी. एका बाजूला सरकारी मदत आटत चाललीय. जून २०२३ मध्ये एका किलोवॅट-अवरमागे १५ हजारांची दहा हजार झाली, पुढं पाच हजार आणि मग अडीच हजार. मग कंपनी जगणार कशावर? तर गाडी स्वस्तात बनवण्यावर. भाऊ सांगतो, गाडीमागचा ढोबळ नफा एका वर्षात ९ टक्क्यांवरून १९ वर गेला, आणि ईएल आली की आणखी वाढेल. आयपीओतून उभ्या केलेल्या पैशातले नऊशे कोटींहून अधिक रुपये बिडकीनच्या कारखान्यासाठीच आहेत. "आपा, बिडकीनची वीट ना वीट माझ्या पैशाची आहे," असं तो हसत म्हणतो. त्याच्याकडे ब्याण्णव शेअर आहेत.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच आलं. पंधरा टक्के लवकर, म्हणजे तेवढ्याच गाड्यांना हात किती कमी?

हा प्रश्न मला पडला कारण जून २०२४ मध्ये हा कारखाना जाहीर झाला तेव्हा आमच्या भागात आकडा फिरला होता तो दोन हजार कोटींचा आणि चार हजार रोजगारांचा. वर्षाला दहा लाख गाड्या, पाच-पाच लाखांच्या दोन टप्प्यांत. माझ्या दहावीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी ही चार हजारांची बातमी पोहोचली होती. दोन हजार कोटी कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. एका मुलीच्या वडिलांची जमीन बिडकीनच्या संपादनात गेलीय. कापूस, ज्वारी व्हायची तिथं. मिळालेल्या पैशातून त्यांनी शहरात दोन खोल्या बांधल्या, एक रिक्षा घेतली. पालकसभेत ते मला म्हणाले, "मॅडम, उर्दू मीडियमच्या पोरीला घेतील का तिथं?" ओला कंपनीनं २०२१ मध्ये तमिळनाडूतला आपला स्कूटरचा कारखाना फक्त बायका चालवतील असं जाहीर केलं होतं, ते त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. म्हणजे अशा गोष्टी फक्त हौशी लोक आणि गुंतवणूकदार लक्षात ठेवतात असं नाही. ज्याची जमीन गेली तोही लक्षात ठेवतो, फक्त त्याला कुणी मेळाव्याला बोलावत नाही.

भाच्याला मी माझा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "फुप्पी, गाड्या जास्त खपल्या तर हातही जास्त लागतील." भावाला विचारला. तोही तेच म्हणाला. बाप-लेकांचं एवढं एकमत त्या दिवशी पहिल्यांदा झालं. बरोबरही असेल. पण 'खपल्या तर' या दोन शब्दांवर दोघंही पटकन पुढं सरकले.

मी भाषा शिकवते. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना सगळ्यात जास्त वेळ भविष्यकाळात जातो. 'आएगी' म्हणजे 'येईल', हे मुलांना लगेच जमतं. 'आनेवाली है' म्हणजे 'येणार आहे', तेही जमतं. 'आनेवाली थी', 'येणार होती', इथं मुलं अडखळतात. रूप भविष्याचं, क्रियापद भूतकाळाचं, मग गाडी आली की नाही? नाही आली, बेटा. यायची होती. या तीन रूपांमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांच्या धंद्याचा अर्धा इतिहास बसतो. ओलानं १५ ऑगस्ट २०२२ ला इलेक्ट्रिक मोटार जाहीर केली, २०२४ मध्ये येईल म्हणून. २०२४ मध्ये कंपनीनं ती बाजूला ठेवली. तिकडे अमेरिकेत टेस्लानं नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी रोडस्टर दाखवली, २०२० मध्ये देऊ म्हणून सांगितलं, लोकांनी आगाऊ रकमा भरल्या. २०२० येऊन गेलं, रोडस्टर नाही.

कंपन्या खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही. स्कूटर बनवणं म्हणजे शंभर ठिकाणांहून वस्तू वेळेवर गोळा करणं. एप्रिल २०२५ मध्ये चीननं मोटरीतल्या चुंबकांना लागणाऱ्या दुर्मीळ धातूंच्या निर्यातीवर बंधनं आणली आणि आपल्याकडच्या दुचाकी कंपन्यांची झोप उडाली. एथर बॅटरीचा पॅक स्वतः बांधते, पण आतले सेल बाहेरून घेते. ओलानं सेलचाच कारखाना काढला. यातलं शहाणपण कुणाचं, यावर बाप-लेक रात्री अकरापर्यंत भांडू शकतात. भाऊ म्हणतो, सेल विकत घेणारा हलका राहतो, अंगावर कर्ज येत नाही. भाचा म्हणतो, ज्याच्या हातात सेल त्याच्या हातात गाडी. या वादात मला भाच्याचं पारडं थोडं जड वाटतं, पण मी बोलत नाही, नाहीतर अकराचे बारा होतात.

अब्बांच्या वेळी थांबणं वेगळं होतं. १९८५ ला वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, तरी स्कूटरचा नंबर लागायला वर्षं जायची. पण तेव्हा गाडी समोर असायची, शेजारच्या साहेबांकडे रोज दिसायची. फक्त आपला नंबर यायचा असायचा. आता उलट झालंय. शोरूममध्ये गाड्या रांगेनं उभ्या आहेत, आज पैसे भरा, आठवड्यात घेऊन जा. आणि माझा भाचा मला नसलेल्या गाडीसाठी थांबायला सांगतोय.

भावाच्या बाजूचाही मी विचार केला. शेअर घेणं जायज आहे का, हा प्रश्न आमच्या घरांमध्ये निघतोच. धंदा हलाल असावा, कंपनीवरचं व्याजी कर्ज साधारण एक तृतीयांशाच्या आत असावं, अशा कसोट्या उलेमांनी घालून दिल्यात. आणि जे आपल्या ताब्यात नाही ते विकायचं नाही, म्हणून भाऊ वायद्याच्या सौद्यांना हात लावत नाही. हे त्याचं मला आवडतं. शेअर घेणारा निदान उभ्या असलेल्या कारखान्यात, होसूरच्या यंत्रांत भागीदार होतो. पण भावात जो पैसा भरलाय तो होसूरचा नाही, बिडकीनचा आहे. लोक आज जी किंमत मोजतात ती न बनलेल्या दहा लाख गाड्यांची. तोटा सोसायची ऐपत असेल त्यानं मोजावी. मी शिक्षिका आहे, आणि हे पैसे अम्मीच्या घराचे आहेत.

हप्त्यावर मला घ्यायची नाही, व्याज नको. ऑगस्टमध्येच कंपनीनं एक योजना आणली. गाडी ७५,९९९ रुपयांपासून, बॅटरीचे पैसे वेगळे, चालवाल तसे किलोमीटरला एक रुपया. ऐकायला भाड्यासारखं आहे आणि भाडं आपल्याकडे चालतं. पण ते खरंच भाडं की भाड्याच्या कपड्यातलं कर्ज, हे करारनामा वाचल्याशिवाय मी ठरवणार नाही. दोन रविवार त्यात जातील, जाऊ देत. रोज चव्वेचाळीस किलोमीटर म्हणजे महिन्याला हजार-अकराशे रुपये, एवढा हिशोब मी केलाय.

मुलीच्या वडिलांना मी सांगितलं की दहावीनंतर आयटीआयचा फॉर्म भरा, इलेक्ट्रिशियन किंवा फिटर, आणि माध्यमाची काळजी करू नका. तिच्या मराठीची काळजी मी करते. या वर्षी निबंधाचे दोन तास कमी करून मी वर्गात मराठीतून अर्ज लिहायला घेतलेत. नोकरीसाठी अर्ज, रजेसाठी अर्ज, पगार कापला तर तक्रारीचा अर्ज. तिसरा मुलांना सगळ्यात चांगला जमतो.

गाडीचं म्हणाल तर शोरूममध्ये जी उभी आहे तीच मी बघून आले. सीट रुंद आहे, बॅटरीवर वॉरंटी वाढवून घेतली तर आठ वर्षांची मिळते. गल्लीत चार्जिंगचा पॉइंट घराच्या बाहेरच्या भिंतीवर काढावा लागेल, त्यासाठी शेजारच्या चाचांशी बोलणं झालंय. भाच्याला सांगितलं तर तो हिरमुसला.

"फुप्पी, दिवाळीपर्यंत तरी थांब ना. नवी येणार आहे."

"कुठल्या दिवाळीपर्यंत?" मी विचारलं. तो मोबाइलमध्ये बघायला लागला.